पंजाच्या ठशातून प्राणी: पालक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी संध्याकाळी अडीच ते सहा वर्षांची बारा-चौदा मुलं आणि मी, असा रंगांचा पसारा मांडलेला असतो. हाताचे ठसे आणि त्यांतून निघणारे प्राणी हा त्यातला सगळ्यांत लाडका खेळ. त्यावर आयांचे, बाबांचे आणि बरेचदा आज्यांचे तेच ते प्रश्न येतात, रात्री अकरा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवरही येतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

सुरुवातीला काय काय आणून ठेवायचं?

ड्रॉइंगचा जाड कागद, १२० ते १५० जीएसएमचा. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा असतो. ओला रंग लागला की तो सुरकुततो आणि मुलाने हात उचलला की हाताला चिकटून वर येतो. ए४ कागदावर तीन वर्षांच्या मुलाचे चार पंजे आरामात बसतात. घोटीव कागद कापायला-चिकटवायला छान, पण ठसा त्याच्या चकचकीत बाजूवर घेऊ नका, रंग घसरतो. मागची पांढरी बाजू चालते.

शिवाय एक पसरट जुनी ताटली, इंचभर रुंद ब्रश, भरपूर रद्दी, ओलं फडकं आणि पाण्याची बादली. बादली आधी भरून शेजारी ठेवा. हिरव्यागार हातांचं मूल बाथरूमपर्यंत चालत गेलं की पॅसेजच्या भिंतीचं काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

रंग कुठले घ्यावेत?

पाण्यात विरघळणारे पोस्टर कलर, बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेले. बोटांनी रंगवायचे खास रंग मिळाले तर उत्तमच. नॉन-टॉक्सिक म्हणजे ‘चाटला तर चालतो’ असा मात्र अर्थ काढू नका. चुकून बोट तोंडात गेलं तर घाबरायचं कारण नाही, एवढंच. पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घातले तर हात लवकर निघतात.

अ‍ॅक्रिलिक नको. ते वाळलं की त्याचा प्लॅस्टिकसारखा थर होतो, नखांच्या कडेला अडकतो आणि कपड्यावरून तर जातच नाही. ऑइल पेंट, भिंतीचा उरलेला डिस्टेंपर, रंगपंचमीची शिल्लक पुडी यांचा विचारसुद्धा करू नका. खाण्याचा रंग तोंडात गेला तर चालतो, पण हातावरून दोन दिवस उतरत नाही. सोमवारी शाळेत निळ्या पंजाचं मूल पाठवायची तयारी असेल तर वापरा.

हातावर ओरखडा, पुरळ किंवा एक्झिमा असेल तर रंग लावायचाच नाही. त्या दिवशी पेन्सिलने हाताची बाहेरून रेघ काढून घ्यायची, प्राणी तेवढाच छान होतो.

घरच्या घरी रंग करता येतो का?

येतो, आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलांसाठी मी तोच करते. एक वाटी पाण्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होऊ देता कालवायचं आणि मंद आचेवर खिरीसारखं दाटसर होईतो ढवळत राहायचं. गार झालं की वाट्यांत वाटून एकीत हळद, एकीत बिटाचा रस, एकीत वाटून गाळलेला पालक. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं, मग आंबूस वास यायला लागतो.

याचे रंग फिके असतात आणि पुढे आणखी उडतात. बिटाचा गुलाबी महिन्याभरात तपकिरी होतो. भिंतीवर वर्षभर लावायचं चित्र असेल तर पोस्टर कलरच बरा.

हळदीची एक गंमत मात्र मुलांना दाखवाच. पिवळ्या पंजाचा सिंह करून झाला आणि हात साबणाने धुवायला घेतले की तळहात लाल होतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा एक मुलगी ‘रक्त!’ म्हणून किंचाळली आणि क्लबहाउसचा वॉचमन धावत आला. साबण अल्कधर्मी असतो, त्याने हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातही हेच घडतं. त्या लाल हातावर लिंबू पिळलं की परत पिवळं. त्या दिवशी सिंह बाजूलाच राहिला आणि आम्ही अर्धा तास लिंबंच पिळत बसलो.

ठसा अर्धवट उमटतो, मधे पांढरं भोक राहतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा काहीच चुकत नाही. तळहाताच्या मधला खोलगट भाग कागदाला टेकतच नाही, म्हणून तिथे पांढरं राहतं. कागदाखाली वर्तमानपत्राची चार-पाच पदरी घडी ठेवा, म्हणजे खाली थोडी गादी होते आणि तो भागही टेकतो.

हात ताटलीत बुडवू नका, रंग जास्त येतो आणि बोटं एकमेकांना चिकटून उमटतात. ब्रशने तळहाताला पातळ थर द्या, बोटांच्या टोकांपर्यंत. गुदगुल्या होतात, हसू येतं, मूठ मिटते. हे धरूनच चालायचं. मग बोटं फाकवून हात खाली ठेवायचा आणि तुम्ही एकेक बोट वरून हलकेच दाबायचं. अंगठा शेवटी, कारण तो नेहमी विसरतो. हात सरळ वर उचलायचा, ओढायचा नाही. पहिला ठसा गिचका होतो, दुसरा तिसरा त्याच रंगात जास्त स्वच्छ येतो. म्हणून पहिला रद्दीवर घेतात.

आणि भोक राहिलंच तर राहू द्या. हत्तीच्या पाठीवर झूल तिथेच तर असते.

कुठल्या ठशाचा कुठला प्राणी करायचा?

इथे माझा एक हट्ट आहे. आधी प्राणी ठरवून हात त्यात बसवायचा नाही. आधी ठसा घ्यायचा, कागद चारही बाजूंनी फिरवायचा आणि मुलाला विचारायचं, ‘कोण दिसतंय?’ इंटरनेटवरचं तयार चित्र समोर ठेवलं की मुलाचा ठसा त्या चित्रापुढे चुकीचा ठरायला लागतो. पण तुम्हाला काहीतरी हाताशी हवं, हेही खरं. म्हणून नेहमी जमणारे थोडे सांगते.

बोटं खाली केली की चार बोटं म्हणजे चार पाय आणि अंगठा उरतो. अंगठ्याला सोंड म्हटलं की हत्ती, लांब मान म्हटलं की जिराफ, शिंगं काढली की गाय किंवा बैल. अंगठा कासवाचं डोकं होतो तेव्हा चार बोटं त्याचे पाय आणि तळहात कवच. हात कुठेच वाया जात नाही. बोटं वर केली की पिसारा, तुरे, काटे, ज्वाळा काहीही. कोंबड्याला अंगठ्याची मान आणि बोटांची शेपटी. साळिंदराला तीन-चार ठसे एकमेकांवर तिरके. मोर एका हाताचाही होतो, पण सात-आठ मुलांचे पंजे अर्धगोलात लावले तर जो पिसारा होतो त्याला तोड नाही. आडवा हात म्हणजे मासा, बोटं शेपटीकडे, अंगठा वरचा पर.

दोन हात वापरले की मजा सुरू होते. मनगटं एकमेकांवर, बोटं दोन बाजूंना: आठ बोटांचे आठ पाय आणि दोन अंगठ्यांच्या दोन नांग्या. खेकड्याला खरोखरच चालायचे आठ पाय आणि दोन नांग्या असतात, म्हणजे हिशोब बोट न् बोट जुळतो. अंगठे मुडपून घेतले तर तेच आठ पाय कोळ्याचे. आणि बोटं खाली सोडली तर ऑक्टोपस. चार वर्षांचं मूल हे मोजतं, परत मोजतं आणि मग घरी जाऊन आजीचे हात मोजतं. फुलपाखरासाठी तळहातांच्या बाहेरच्या कडा जोडायच्या, अंगठे बाहेर. काळ्या पंजांवर निळे ठिपके दिलेत तर ब्लू मॉरमॉन झालं. २०१५ पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.

आमचे हत्ती एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. सोंडा समोरासमोर कशा येतील?

हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की हसू येतं. उजव्या हाताच्या ठशाची बोटं खाली केली की सोंड उजवीकडे येते, डाव्या हाताची डावीकडे. एकाच कागदावर दोन्ही हात शेजारी उमटवून कागद उलटा फिरवलात तर सोंडा आपोआप समोरासमोर येतात. ठसे सुटे कापून चिकटवताना मात्र डाव्या हाताचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे लावला की झालं भांडण. अदलाबदल करा.

हत्तींची मिरवणूक हवी असेल तर सगळ्यांचा एकच हात हवा. गेल्या गणपतीत आम्ही बारा हत्तींची रांग केली. एक डावखुरा गडी म्हणाला, मी माझाच हात देणार. त्यामुळे अकरा हत्ती गणपतीकडे निघाले आणि एक उलटा. मी ते झाकावं का या विचारात होते, तेवढ्यात त्याची बहीण म्हणाली, ‘काकू, त्याचं घरी काहीतरी राहिलंय.’ त्याच्या पुढे एक घर काढलं आणि तसंच लावलं.

माझा मुलगा हाताला रंग लावूच देत नाही. रडतो.

लावू नका. ओला, गार, चिकट स्पर्श काही मुलांना खरंच सोसत नाही, त्यात लाड किंवा हट्ट नसतो. धरून ठसा घेतला तर पुढच्या वेळी ते रंगाच्या बाटलीलाही घाबरतं.

त्याला दुसरे मार्ग असतात. हात कोरडा ठेवून पेन्सिलने रेघ. तुमचा हात रंगवायला ब्रश त्याच्या हातात देणं. बाबांच्या पंजाचा मोठा हत्ती बघून दोन-तीन शनिवारांनी आपला छोटा हत्ती शेजारी ठेवावासा वाटतो. नाहीतर पाणी. हात ओला करून शहाबादी फरशीवर किंवा गच्चीच्या कोब्यावर थाप मारायची. काळपट ओला पंजा उमटतो, खडूने त्याला पटकन डोळा-शेपूट काढायची आणि उन्हात तो बघता बघता उडून जातो. फुकट, ना डाग ना पसारा. मला तर हाच सगळ्यांत आवडतो.

अजून एक जुनी युक्ती आहे: हात कागदावर ठेवायचा आणि रंग भोवती शिंपडायचा, म्हणजे हात पांढरा उरतो. अर्जेंटिनातल्या ‘कुएव्हा दे लास मानोस’ या गुहेत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी असेच शेकडो हात भिंतीवर उमटवले आहेत. त्यांत बहुतेक हात डावे आहेत, कारण रंग फुंकायची नळी उजव्या हातात असणार. आणि त्याच भिंतींवर ग्वानाको या उंटाच्या कुळातल्या प्राण्यांची, त्यांच्या शिकारीची चित्रं आहेत. हात आणि जनावर शेजारी-शेजारी, आपल्यासारखंच. आपण फुंकणीऐवजी जुना टूथब्रश वापरायचा. रंगात बुडवून त्याच्या केसांवरून अंगठा ओढला की बारीक तुषार उडतात. चेहरा लांब ठेवा. तुमचाही.

पाच महिन्यांच्या बाळाचा ठसा घ्यायचाय, मूठच उघडत नाही.

उघडणार नाही. तळहाताला काहीही लागलं की मूठ मिटणं ही त्या वयातली प्रतिक्षिप्त क्रिया आहे, साधारण पाच-सहा महिन्यांत ती कमी होते. बोटं ओढू नका. हाताच्या पाठीवरून करंगळीच्या बाजूने हलकेच बोट फिरवलं की मूठ सैल होते. त्याहून सोपं म्हणजे पाऊल घ्या. बाळाच्या पावलाचं बदक अप्रतिम होतं. रंग घरचाच, लगेच पुसायचा, आणि बाळ झोपेत असताना हा उद्योग करू नका. गार ब्रश लागला की ते दचकून उठतं आणि मग सगळं घर उठतं.

कात्री कधी द्यावी?

तीन वर्षांनंतर, बोथट टोकाची, तुम्ही समोर बसलेले असताना. आधी कागदाच्या पट्ट्यांना नुसते काप द्यायला सांगा. पंजाच्या रेघेवरून कापणं हे पाच-साडेपाचचं काम आहे, कारण दोन बोटांमधल्या खाचेत कात्री वळवावी लागते. त्याआधी तुम्ही कापा, किंवा मूल गोल-गोल ढोबळ कापेल ते चालवून घ्या. मूल डावखुरं असेल तर डाव्या हाताची कात्री मिळते, ती आणा. साध्या कात्रीत पात्याखाली रेघ झाकली जाते, मूल वाकडं कापतं आणि आपण त्यालाच धांदरट म्हणतो.

चिकटवायला गोंद की खळ?

बाजारचा पांढरा गोंद चालतो, काडीने लावा. मैद्याची खळ केली तर ताजीच वापरा. पुस्तकबांधणीवाले खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. कुणी आजोबा कौतुकाने सुचवतील, पण मोरचूद विषारी आहे, मुलांच्या खळीत ते अजिबात नको.

डोळे कसे करायचे? हलते डोळे लावू का?

तीन वर्षांच्या आतल्या मुलांना ते प्लॅस्टिकचे हलते डोळे देऊ नका, निघतात आणि थेट तोंडात जातात. पेन्सिलच्या मागच्या टोकाने पांढरा ठिपका आणि त्यात काडीने काळा, बास. मोठ्या मुलांना पंचिंग मशीनमधून पडलेल्या टिकल्या द्या. एका आजीने स्वतःच्या पाकिटातली कपाळाची टिकली वाघाला लावली होती. वाघ एकदम हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसत होता.

पावसाळ्यात काहीच वाळत नाही.

मे महिन्यात अर्ध्या तासात वाळणारा ठसा जुलैत दोन-तीन तास घेतो. दोरीवर चिमट्याने टांगू नका, रंग ओघळून हत्तीला पाचवा पाय फुटतो. आडवंच, पंख्याखाली. कागद वळला तर पूर्ण वाळल्यावर मागच्या बाजूने, मधे सुती कापड घालून, कोमट इस्त्री फिरवा किंवा रात्रभर गादीखाली ठेवा.

कपड्यांवरचे डाग?

लगेच गार पाण्यात. गरम पाणी नको. बाबांचा जुना टी-शर्ट उलटा घालून बसवा, हे उत्तर खरं म्हणजे आधीच द्यायला हवं होतं. नखांतल्या रंगाला खोबरेल तेल लावून पाच मिनिटांनी पुसा.

शाळेने उद्या ‘हस्तकला’ मागितली आहे. मुलगी झोपली. आता?

रात्री अकराचे मेसेज ते हेच. माझ्या लेकीच्या बालवर्गात मीही एकदा तिच्या झोपलेल्या हाताची रेघ काढून स्वतःच मोर केला होता, चमकी लावून. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सत्तावीस मोर होते, सगळे आयांनी केलेले. माझ्या मोराला स्टारही मिळाला. लेक त्याच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत होती, ‘हा आईचा.’

सकाळी दहा मिनिटं आधी उठवा. एक ठसा, एक डोळा, दोन रेघा. दप्तरात रंग लागू नये म्हणून पेन्सिलची रेघ घ्या आणि खडूने रंगवू द्या. वाकडं जाईल. जाऊ द्या.

नेहमी पेंग्विन आणि झेब्राच का होतात?

कारण चित्रांच्या पुस्तकात तेच असतात. मुलांना खिडकीतला कावळा करायला सांगितलं की आधी पडेल चेहरा करतात, मग मात्र तपशील निघायला लागतात: मान करडी असते, चोच जाड असते, आमचा कावळा लंगडतो. मांजर, म्हैस, भटका कुत्रा यांचे ठसे जास्त जिवंत होतात, कारण मुलांनी ते पाहिलेले असतात. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याची झुबकेदार शेपटी चार बोटांत छान बसते. भीमाशंकरला जाणार असाल तर जाऊन आल्यावर करा, आधी नको. गोव्याकडच्यांनी गवा करावा, तो त्यांचा राज्यप्राणी आहे: काळपट तपकिरी पंजा आणि पायांना पांढरे मोजे.

पोळ्याला आम्ही बैल करतो. बोटं खाली, अंगठ्याच्या टोकाशी डोकं आणि शिंगं, अंगावर करंगळीने गेरूचे ठिपके, पाठीवर घोटीव कागदाची झूल. आमच्याकडे एक कुटुंब नागपूरचं आहे. त्यांच्या आजीने मुलांना तान्ह्या पोळ्याचं सांगितलं, लाकडी बैल घेऊन मुलं घरोघर जातात ते. मग आमची पोरं कागदी बैल घेऊन चारही मजले फिरली आणि खिसे भरून परत आली. दक्षिण महाराष्ट्रातल्यांनी बेंदराला करा, पोळ्यापर्यंत थांबू नका.

एक सूचना. निवडणुकीच्या दिवसांत सोसायटीच्या बोर्डावर पंजे लावू नका. आम्ही लावले होते. दोन तासांत सेक्रेटरींचा फोन. चौदाही पंजांना घाईघाईने शेपट्या काढाव्या लागल्या.

मी हत्ती म्हणते, ती म्हणते ही आजी आहे.

मग आजीच. चष्मा काढायला द्या.

हे सगळं जपून कसं ठेवायचं?

सगळं ठेवूच नका, घर भरून जाईल. महिन्यातून मुलाला एक निवडू द्या, बाकीच्यांचा फोटो काढा. ठेवाल त्याच्या मागे पेन्सिलने तारीख आणि वय लिहा. स्केचपेन पुढच्या बाजूला फुटतो. गरम लॅमिनेशनला देऊ नका, जाड रंग प्लॅस्टिकला चिकटतो आणि कधीकधी फुगे येतात. पारदर्शक फोल्डर पुरतो, वर कापराची वडी नको, तिचा डाग पडतो. घरच्या पिठाचे रंग असतील तर झुरळं येतात, ते फोटोतच ठेवा.

आणि मुलाने प्राण्याला जे नाव दिलं असेल तेही मागे लिहा. माझ्याकडे एका निळ्या पंजाच्या मागे लिहिलंय, ‘देवमासा. नाव बंड्या. तो पोहत नाही, बसतो.’

मोठ्यांनी केलं तर चालतं का?

चालतं. मेथी निवडून झाल्यावर या.